नळीतला आरसा

आचारसंहिता लागल्याचं आम्हा भिंगारकरांना पेपरातून कळावं लागत नाही. सकाळी उठून बघावं तर चौकातल्या फलकांवर कागद चिकटवलेला, कोनशिलांना पोती गुंडाळलेली, आणि सत्तरीच्या आसपासची चारदोन माणसं स्कूटरला काहीतरी लांबट, चादरीत बांधलेलं आडवं लावून ठाण्याकडे निघालेली. नवख्याला वाटावं, म्हातारे पडद्यांचे गज घेऊन चाललेत. त्या बंदुका असतात, परवान्याच्या. मतमोजणी होईपर्यंत ठाण्यात जमा करायच्या, पावती घ्यायची, आणि निकाल लागला की पुन्हा रांगेत उभं राहून आपापली ओळखून आणायची.

यंदा मीही गेलो. पाऊस उघडून आठवडा झाला होता, ऊन चांगलंच चावत होतं. हवालदार नवा होता. माझी दुनळी हातात घेऊन म्हणाला, "आजोबा, ही चालते का तरी?" मी म्हणालो, "तुझ्या आजोबांपेक्षा बरी चालते." रांगेतली माणसं हसली. एके काळी या रांगेत मी तासन् तास रेंगाळायचो. कुणाच्या चादरीतून काय निघतंय ते बघायचो. आता पावती खिशात घालतो आणि घर गाठतो. काही वर्षांपूर्वीचा असाच एक मोसम माझ्या मानेवर बसलाय, तो अशा रांगेत जास्त जड होतो.

बंदूक म्हटलं की लोक दोन पावलं मागं सरतात. तसं काही नाही हो. मी आयुष्यात एक ससाही मारलेला नाही. आयटीआयमध्ये पोरांना लेथ शिकवण्यात माझी नोकरी गेली, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. लोखंड हा माझा विषय. आणि जुन्या विलायती दुनळी बंदुकीइतकं सुंदर लोखंड मी दुसरं पाहिलं नाही. साहेब लोक जाताना त्या इथंच टाकून गेले. कुणी खानसाम्याला दिली, कुणी पाटलाला, कुणी इनामदाराला. इतक्या वर्षांनी त्या कुठं सापडतात? कडब्याच्या गंजीमागं, धान्याच्या कोठीवर, देवघराच्या फडताळात. एकदा तर खिडकीला अडणा म्हणून लावलेली मी पाहिली. माणसं काय करतील त्याचा नेम नाही.

कायद्यानं दोनच ठेवता येतात. मग संग्रह करायचा कसा? मी वही केली. हातात आलेल्या प्रत्येक बंदुकीच्या नक्षीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची, शिक्के उतरवायचे, लाकडाचा रंग लिहायचा, मालकाचं गाव लिहायचं. बंदुका लोकांच्या घरात, संग्रह माझ्या वहीत. आणि ज्या मोडकळीला आल्या असतील त्या भिंगारच्या रहीमचाचांच्या दुकानात बसून दुरुस्त करायच्या. परवाना त्यांचा, हौस माझी. चाचांचे हात कापायला लागले होते, त्यामुळं त्यांनाही माझा उपयोग व्हायचा.

त्या दुकानाचा वास मला अजून येतो. जवसाचं तेल, जुना अक्रोड, रॉकेल, आणि चाचांचा बिनदुधाचा चहा. कोरडं पडलेलं अक्रोडाचं लाकूड तेल पिताना बघावं. तळव्यानं चोळत राहायचं, चोळत राहायचं, आणि मग काळपट लाकडातून एकदम तांबूस रेघा वर येतात. नळ्यांचंही तसंच. जुन्या काळच्या नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, वेटोळं करून, ठोकून केलेल्या. गंज काढला की आमटीवरच्या तेलासारखी नक्षी दिसायला लागते. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मी दुकानात एकटाच "अहाहा!" म्हणून ओरडलो होतो. चाचा नमाजाहून परत येत होते, ते दारातच थबकले. "क्या हुआ? उंगली कटी क्या?"

चाचांनी मला सगळं शिकवलं आणि एकाच गोष्टीला नाही म्हटलं. "मास्तर, लकडी चमकाव, घोडे चमकाव, बाहेरून पाहिजे ते कर. पण नळीच्या पोटात जाऊ नको. अंदर खड्डे हैं ना, रहने दे." मी म्हणायचो, चाचा, खड्डे भरता येतात. ते म्हणायचे, "खड्डा भरता नहीं बेटा. आजूबाजूका लोखंड तू निकालता, इसलिए खड्डा दिखता नहीं." मी मान डोलवायचो. टर्नरला लोखंड शिकवायला निघालेत, असं मनात म्हणायचो. उंटावरचा शहाणा कसा दिसतो, ते मला आरशात बघायला मिळालं असतं, पण बघितलं कुणी?

त्या वर्षी आचारसंहिता लांबली आणि दसरा तिच्यात आला. बंदुका ठाण्यात, मग शस्त्रपूजेला काय ठेवायचं? आमच्या भागातल्या माणसांनी पाटावर ठाण्याच्या पावत्या मांडल्या. कोयता, विळा, खुरपं, आणि त्यांच्या शेजारी हळदकुंकू लावलेली, शिक्का मारलेली पावती. सोनईच्या अलीकडे यशवंततात्यांचं घर आहे, तिथं मी त्या दसऱ्याला सोनं द्यायला गेलो होतो. तात्यांच्या पत्नी सरूकाकूंनी पावतीवर झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाल्या, "बघा मास्तर, बंदूक तुरुंगात आन् आमी तिच्या जामिनाची पूजा करतोय." तात्या खो खो हसले. तात्यांचं हसणं मोठं. त्यांचे हातही मोठे, ऊसतोडीच्या मोळ्या एका हातानं उचलणारे. त्यांच्या आजोबांना एका साहेबानं दिलेली ती बंदूक, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आलेली. रानडुकरं मक्यात शिरली की आभाळात एक बार काढायचा, एवढंच तिचं काम.

निकाल लागला आणि बंदुका परत मिळाल्या. तात्यांची दोन महिने ओलसर भिंतीला टेकून राहिली होती. दुसऱ्याच दिवशी एसटीनं भिंगारला आले. चादर सोडली. नळ्यांवर तांबडा गंज चढला होता. "मास्तर, आज्याची हाय. जरा बघा की." इतकंच म्हणाले.

मी बघितलं. सगळा कार्तिक बघितलं. बाहेरचा गंज काढला, नक्षी वर आणली, लाकडाला अकरा हात तेलाचे दिले. घोडे इतके हलके केले की बोटानं ओढताना घड्याळाला चावी दिल्यासारखं वाटावं. चाचांनी हात फिरवून "वाह" म्हटलं. तिथं थांबायला हवं होतं. पण मी नळी उजेडाकडे धरली. आत डाव्या नळीत खड्डे होते, जुने, गंजानं आणखी खोल झालेले. एवढी देखणी बंदूक आणि पोटात देवीचे व्रण! मला बघवेना. चाचा त्या आठवड्यात लेकीकडे औरंगाबादला गेले होते. किल्ली माझ्याकडे होती.

शिशाचा दट्ट्या ओतला, त्याला तेलात कालवलेली एमरी, म्हणजे घासायची पूड, लावली, आणि दुकानातल्या लेथवर मंद फिरवत नळीतून मागंपुढं घेत राहिलो. तीन दिवस. दर तासाला पुसून उजेडाकडे धरायचो. खड्डा बारीक होताना बघण्यात जी गोडी आहे ती ज्याने केलंय त्यालाच कळेल. चौथ्या दिवशी एकही उरला नाही. डोळा लावला की आत गोल गोल उजेडाचे वेढे, टोकापर्यंत. वहीत मी लिहिलं: 'आतून आरसा.'

नळीच्या भिंतीची जाडी मोजायचं माप चाचांच्या ड्रॉवरमध्ये होतं. हात लांब केला असता तर मिळालं असतं. मी तो केला नाही. विसरलो नव्हतो. मोजली असती आणि कमी भरली असती, तर ही बंदूक पुन्हा उडवू नका असं तात्यांना सांगावं लागलं असतं. मग माझ्या आरशाचं काय? खरं सांगतो, तेव्हा हे इतकं स्वच्छ मनात आलं नव्हतं. नुसतं वाटलं होतं, असू दे, काय होतंय. अति तिथे माती, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण ती माती दुसऱ्याच्या तोंडात जाईल असं कुठं वाटतं?

बंदूक पोचवायला मीच गेलो. मिरवायचं होतं ना. तात्यांनी गल्लीतली माणसं बोलावली, एकेकाला नळीतून बघायला लावलं. "आरं, तोंड दिसतंय आत!" एक जण म्हणाला. काकूंनी गूळ-शेंगदाणे दिले. मी शहाणपण पाजळलं, "काकू, आता हिच्यात कुंभारीण माशी मातीचं घर करेल, जपा हं. फडक्याचे दोन बोळे करा आणि तोंडाला लावून ठेवा. बार काढायच्या आधी तेवढे आठवणीनं काढायचे." काकूंनी जुन्या लुगड्याचा काठ फाडून तिथंच दोन बोळे केले. लाल काठाचे. त्यांची कामाची तऱ्हाच तशी, सांगितलं की लगेच.

पौषात, मका भरत आला असताना, एका पहाटे तांबडं फुटताना तात्यांनी अंगणातून हाक दिली, "बंदूक दे गं, डुकरं शिरली!" काकूंनी बंदूक आणून दिली. बांधावर जाऊन तात्यांनी आभाळात बार काढला. डावी नळी फुटली. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं तिथंच गेली. उरलेल्या दोन बोटांचा पुढं उपयोग झाला नाही.

मला दुपारी फोन आला. तात्यांना नगरला दवाखान्यात नेलं होतं, आणि गावात पंचनामा चालला होता. "मास्तर जाणकार हायेत, त्यांना विचारा," असं तात्यांच्या पोरानं सांगितलं म्हणून पोलिसांनी मला बोलावलं. बंदूक ओट्यावर ठेवलेली. मी एकदाच बघितली आणि मला कळलं. नळीच्या तोंडाशी बोळा अडकला असता तर ती तोंडाशी फुगली असती, फाटली असती. ही फुटली होती मागं, जिथं डावा हात धरतो तिथं. जिथं सगळ्यात खोल खड्डा होता, तिथं. तीन दिवस मी जिथं घासत होतो, तिथं.

फौजदारसाहेबांनी विचारलं, "काय झालं असेल?"

मी म्हणालो, "नळीत काहीतरी अडकलं असावं."

हे मी म्हणालो. ठरवून आलो नव्हतो, तोंडातून निघालं. आणि काकू चौकटीला धरून उभ्या होत्या, त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "बोळा घातलेला हुता मी." शोधाशोध झाली. एक लाल काठाचा बोळा उंबऱ्याशी सापडला. दुसरा सापडला नाही. साहेबांनी मान हलवून लिहून घेतलं. कुणी काकूंना काही बोललं नाही, पण सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मीही बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

बांधावर नखाएवढा एक तुकडा पडला होता. बाकीचं सगळं पोलिसांनी नेलं, हा मी उचलला. आता ते माप ड्रॉवरमधून काढायला माझा हात बरोबर गेला. अर्धा मिलिमीटरसुद्धा भरेना, हवी होती निदान दुप्पट. चाचांनी तुकडा तळव्यावर घेतला, चष्मा वर केला, आणि म्हणाले, "ये तूने किया." मी तुकडा परत घेतला. "तात्यांना बोला क्या?" मी म्हणालो, बोलतो. पुढं जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा ते एवढंच विचारायचे, "बोला क्या?" एक दिवस त्यांनी विचारणं सोडलं. मला हायसं वाटलं होतं. बघा, माणूस किती खाली जातो ते.

का नाही सांगितलं? पोलिसांची भीती होती, नाही म्हणत नाही. पण तेवढंच असतं तर सहा महिन्यांत गेली असती. खरी भीती तात्यांच्या त्या गल्लीची होती. नळीतून बघून "मास्तर, काय हात हाय तुमचा" म्हणणारी ती माणसं. त्यांच्यासमोरचा माझा मोठेपणा राखायला मी एका बाईला पुढं केलं. कोयत्यानं वार करणारा निदान समोर उभा राहतो.

आणि त्या घरी जाणंही सोडलं नाही. उलट जास्त जाऊ लागलो. फळं घेऊन, औषधं घेऊन, अपंगत्वाचा दाखला काढून द्यायला. लोक म्हणायचे, मास्तर देवमाणूस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं. कुणी नुसतं "हात" म्हटलं तरी दचकायचो. पुढच्या दसऱ्याला गेलो तर काकू शस्त्रांच्या पाटाशी नव्हत्या. सूनबाई पूजा करत होती. काकू चुलीपाशी पाठमोऱ्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या हातानं नको मास्तर. माझ्या हाताला यश न्हाई." मग पुरणपोळी वाढली. त्यावर तूप वाढलं. मी खाल्ली.

त्याच दिवशी, मी निघताना, त्या माझ्यामागं गोठ्यापर्यंत आल्या. इकडंतिकडं बघितलं. म्हणाल्या, "मास्तर, एक इचारू का? तुमी शिकलेले. बोळ्यानंच झालं आसंल का हो खरंच? मला सारखं वाटतं, मी दोनी काढले हुते. एक उंबऱ्यात ठिवला, आन् दुसरा कंबरंला खोवला हुता. हातानं खोवल्याचं आठवतं. मग वाटतं, मनाचे खेळ आसतील."

एवढा सरळ प्रश्न. एका शब्दाचं उत्तर. गोठ्यात कुणी नव्हतं, पोलीस नव्हते, गल्ली नव्हती.

मी म्हणालो, "गडबडीत माणूस विसरतं काकू. मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी मान हलवली. "व्हय, इसरले आसंन," म्हणाल्या आणि परत गेल्या. त्यांना जे नीट आठवत होतं ते मी त्यांच्याकडून काढून घेतलं. नळीतलं लोखंड काढलं ते मूर्खपणानं. हे मात्र मी पूर्ण शुद्धीत केलं.

मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. दहाव्याला मी पुढच्या रांगेत बसलो होतो.

आणि आता ही पुन्हा आचारसंहिता. परवा तात्यांचा फोन आला, "मास्तर, ठाण्यातून कागूद आलाय. बंदूक जमा करा म्हनत्यात. आता फुटकी बंदूक त्यांच्याच कोठडीत पडलीय, ती मी कुठून जमा करू? तुमी जरा अर्ज लिहून द्या." मी स्कूटर काढली. घोडेगावच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांनी बाजरीची कणसं खुडलेली, कांद्याची रोपं पाणी पीत होती. हवा सुंदर होती. मी दोनदा स्कूटर थांबवली. दोनदा परत फिरावंसं वाटलं.

तात्या ओट्यावर होते. अर्ज लिहिला. खाली त्यांनी उजव्या हातानं सही केली, डाव्या मनगटानं कागद दाबून धरून. कागद सरकत होता. मी तो धरायला हात पुढं केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आधी ही धरायची." ही म्हणजे काकू. मग आपसूक बोलत राहिले. काकूंनी सदऱ्याची बटणं कशी लावली, भाकरी कशी मोडून दिली, इतक्या वर्षांत एकदा कंटाळल्या नाहीत. "फेडत हुती बिचारी," म्हणाले.

माझ्यानं ऐकवेना. मी म्हणालो, "तात्या, त्यांच्याकडं फेडायचं काहीच नव्हतं." आणि सांगितलं. एमरी, तीन दिवस, न काढलेलं माप, तो तुकडा, पंचनामा, गोठा. सगळं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. तात्या माझ्याकडे बघत नव्हते, आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. मला वाटलं आता ओरडतील, अंगावर येतील. यावेत असंच वाटत होतं.

मग म्हणाले, "दवाखान्यातनं आलो तवा मी तिला एकदा बोललो हुतो. एकदाच. म्हनलं, तुझ्यामुळं माझा हात गेला. ती पदर तोंडाला लावून आत गेली." डावा हात पुढं केला. "हाताचं काय न्हाई मास्तर, हात गेला. पर ते बोललेलं मी आता माघारी घिऊ कुनाकडनं?"

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले. रागानं नाही, जसा एखादा परका माणूस घेईल, तसे.

मग त्यांनी आत हाक मारली, "सूनबाई, भायेर ये. पोराला बी आन." माझ्याकडे वळून म्हणाले, "मला सांगून काय उपेग? सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं हुतं. ह्यांना सांगा. मग गल्लीत सांगा. कोपरगावला भाऊ हाय तिचा, त्यानं बहिणीशी चार वर्सं बोलनं टाकलं हुतं, त्याला मी घिऊन जातो तुमास्नी. तिथंबी सांगा."

सूनबाई पदराला हात पुसत येऊन उभी राहिली, तात्यांचा मुलगा तिच्यामागं. शेजारच्या ओट्यावरचे दोघं काय चाललंय म्हणून माना लांब करून बघायला लागले. मी सुरुवात केली. ठाण्यातून बंदूक गंजून आली तिथपासून.

"तसं न्हाई," तात्या म्हणाले. "आधी ती काय म्हनली हुती ते सांगा. गोठ्यात. तिच्याच सबदात सांगा."

मी उभा राहिलो. म्हणालो, "काकू म्हणाल्या होत्या, 'मी दोनी काढले हुते.'" मग मी शेजारच्या ओट्याकडे वळलो. "आणि त्यांनी ते काढले होते."